रेडिओमामींचं धुतलेलं गाणं

रेडिओमामी सिनेमाचं गाणं जसंच्या तसं कधी म्हणत नसत. आधी ते धुऊन घेत.

"बाजारातून मेथी आनली का तशीच कढईत टाकतं का कोनी? माती रायते तिले. धुवा लागते," असं म्हणून त्या रेडिओवर ऐकलेलं ताजं गाणं घेऊन बसत. त्यातला 'सनम' निघे, 'जालिम' निघे, 'बेवफा' तर पहिल्याच पाण्यात वाहून जाई. उरे ती नुसती चाल, स्वच्छ, निथळलेली. मग त्या चालीत कृष्ण बसे, राम बसे, मावशीनं आणलेलं झबलं बसे, आत्यानं आणलेले वाळे बसत, आणि आठवड्याभरात चिखलीतल्या कुठल्यातरी घरी बारशाला ते गाणं पाळणा होऊन उभं राही. ज्या चालीवर पडद्यावरची नर्तकी पेल्यांच्या गर्दीतून कंबर हलवत फिरली असेल, त्याच चालीवर आमच्याकडे राम कौसल्येच्या मांडीवर झोपी जायचा. रामानं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मामी माझ्या सख्ख्या मामी नव्हत्या. त्यांचे यजमान माझ्या आईच्या गावचे, पिंपळगाव राजाचे. गावच्या नात्यानं आईचे भाऊ, म्हणून आमचे मामा. चिखलीच्या बाजारात त्यांचं मिरची-वांग्याच्या बियाण्याचं दुकान होतं. आमच्या गल्लीतला पहिला रेडिओ त्यांनी आणला तो कापसाचे आणि ज्वारीचे भाव ऐकायला. भाव ऐकून मामा दुकानात गेले की रेडिओ मामींचा. मामींनी त्याला भरतकामाचा झगा शिवला होता आणि पुढच्या बाजूला दोन पदरी पडदा. गाणी लागायची वेळ झाली की त्या हात धुऊन, पदर सारखा करून तो पडदा दोन्हीकडे सारत. आत कुणी राजा बसलेला असावा असा थाट! मामा म्हणायचे, "घरात दोघीजनी हायेत. एक बोलते, एक गाते. मी कोनाले बंद करू?"

नवं गाणं पहिल्यांदा लागलं की मामींचे हात थांबत. तुरीची डाळ निवडत असल्या तर खडा बोटांत धरून तशाच बसून राहत. पुढच्या खेपेला नुसते ओठ हलत. आणि मग एक दिवस पाट्यावर चटणी वाटताना ती चाल आपसूक वरवंट्याबरोबर मागेपुढे होऊ लागली की गल्लीतल्या बायका ओळखत, की आता ज्या घरी पुढचं बारसं त्या घराचं नशीब उघडलं.

गंमत म्हणजे मामींनी सिनेमा मात्र एकही पाहिला नव्हता. कुणी आग्रह केला तर म्हणत, "पाहिलं का गानं डोयात जाऊन बसते व. मंग गयात येत नाई."

मामींना मूलबाळ नव्हतं. त्या काळी अशा बाईला बारशाच्या घरात कसं वागवत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं भलं झालं. बोलावणं येई, पण पाळण्याजवळ जागा मिळत नसे. मामींना ती मिळाली गळ्यामुळे. तरी त्यांनी स्वतःच एक रेघ आखून घेतली होती. पाळण्याच्या पायथ्याशी बसायचं, दोरीला हात लावायचा नाही, बाळाला घ्यायचं नाही. कुणी भाबडेपणानं "घ्या ना मामी" म्हणालं तर त्या हसून हात मागे घेत. "माह्या हात गान्याले लागते. पाळन्याले नाई." असं म्हणायच्या आणि असा काही सूर लावायच्या, की बोलणारीची मान खाली जायची. गाणं हीच त्यांची त्या घरात शिरायची वाट होती. तेवढी एकच.

आता माझा प्रवेश. वय दिवस बारा. यापुढचं सगळं मला आईनं, आजीनं आणि मामींनी इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितलंय, की ते मला आठवतं असंच मी मानते आणि तसंच सांगते. ज्याला पुरावा हवा असेल त्यानं दुसरीकडे बसावं.

माझ्या बारशाला मामींनी एक कोरं करकरीत गाणं धुतलं होतं. त्या वर्षी ते गाणं चहूकडे होतं. हॉटेलात, सायकलच्या दुकानात, बँडवाल्यांच्या कर्ण्यात, बाजारातल्या पोराटोरांच्या शिट्टीत. त्यात एक बाई कुणालातरी बोलावत होती: ये, अजून ये, जवळ ये. चाल अशी, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडून उठावं. मामींनी तिच्यातला प्रियकर काढला आणि झोपेला बोलावलं:

ये गं झोपे, दबकत ये,
पायीचे पैंजण काढून ये,
नलूच्या डोळ्यांत बसायला ये.

आधी वरवंट्याला झबलं घालून पाळण्यात निजवलं, मग मला. आत्यानं कानात 'नलिनी' सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. आणि मामींनी पाळणा म्हटला. आई सांगायची, की अवघं घर पेंगलं. आजी, माझ्या वडिलांची आई, जी कुणाचं कौतुक करताना दात दुखल्यासारखं तोंड करायची, तीसुद्धा म्हणाली, "रेडिओवालीनं आज बरं गाइलं."

इथपर्यंत सगळं छान. अडचण अशी, की गाणं हवेतून यायचं आणि सिनेमा एसटीतून. मुंबईला लागलेला सिनेमा नागपूर, अकोला, खामगाव करत, ठिकठिकाणी तुटत, पुन्हा चिकटवला जात आमच्या गावी पोचेपर्यंत सात-आठ महिने उलटायचे. गाणं तोवर घरचं झालेलं असायचं. ते कुठल्या सिनेमात, कुणाच्या तोंडी, कशासाठी आहे, हे कुणालाच ठाऊक नसायचं आणि कुणाचं काही अडतही नसे.

आमचं टॉकीज म्हणजे टिनाचं एक लांबलचक गोदाम. दुपारच्या तीनच्या खेळाला एका बाजूला पडदा लावून बायकांची जागा केलेली असे. पण सिनेमा संपायला सहा वाजून जात, हिवाळ्यात तोवर अंधारतं, आणि दिवेलागणीला घरची बाई घरातच पाहिजे, हा नियम तर काळ्या दगडावरची रेघ. म्हणून टॉकीजवाल्यांनीच सोय केली होती. उन्हं उतरली की गेटकीपर बायकांच्या बाजूचा पडदा बाजूला करून आरोळी द्यायचा, "दिवेलागन झाली हो मायबाई!" की सगळ्या बायका, नायकाच्या छातीवर पिस्तूल रोखलेलं असलं तरी, उठून चालू लागत. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईनं कुठल्याही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

मग शेवटाचं काय? तो त्या रस्त्यात करत. टॉकीज ते गल्ली एवढ्या वाटेत उरलेला सिनेमा बायका आपसांत वाटून घेत आणि पुरा करत. लग्नं लावण्यात एक तरबेज, हरवलेली भावंडं भेटवण्यात दुसरी. माझ्या आजीकडे न्यायखातं होतं. तिच्या शेवटात खलनायकाला पटकी व्हायची. एकदा तिनं एका पोलीस फौजदारालाही पटकी दिली. तो चांगला होता, पण त्याच्या मिश्या तिला पटल्या नव्हत्या. घर येईस्तोवर झालेला शेवट हाच खरा शेवट. दुसऱ्या दिवशी धुणं धुताना तो इतक्या खात्रीनं सांगितला जाई, की सांगणारीलाही तो आपणच केलाय हे आठवत नसे.

अशा या गावात, मी रांगायला लागले होते तेव्हा, तो सिनेमा आला. गाण्याचा म्हणून अख्खी गल्ली लोटली. आजी पुढे.

सिनेमा भुताचा निघाला.

डोंगरात एक बंगला. नोकरीवर आलेला तरुण साहेब. चोहीकडे धुकं. बंगल्यामागं कोरडी विहीर. आणि तिन्हीसांजेला त्या विहिरीतून, अरे देवा, तेच गाणं! ये, अजून ये, जवळ ये. पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसांची बाई हातात कंदील घेऊन धुक्यात चाललीय, मागं वळून बघत नाही, आणि बोलावतेय. बायकांच्या बाजूनं अशी किंकाळी उठली म्हणे, की पुरुषांच्या बाजूचे दोघंतिघं बाकावरून पडले. पुढं बंगल्याच्या राखणदाराचा चार वर्षांचा नातू त्या गाण्यामागं घराबाहेर पडतो, धुक्यात शिरतो, आणि...

"दिवेलागन झाली हो मायबाई!"

त्या दिवशी रस्त्यात शेवटाची वाटणी झालीच नाही. वेशीजवळ आल्यावर आजीनं एकटीनं शेवट करून टाकला. "नेलं असन तिनं लेकराले. त्या गान्यानंच नेलं."

आणि मग रस्त्यातच उभी राहून कपाळावर हात मारून घेतला. "माय व! माही नात!"

घरी येऊन बघते तर माझं अंग गरम. दात येत होते, पण दातांना त्या घरात आता कोण विचारतो? दोन दिवसांत गावभर झालं: अमक्याच्या नातीला हडळीच्या गाण्यावर नाव ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला शेपूट फुटलं: आणि ठेवलं कुणी, तर जिच्या घरी पाळणा हलला नाही तिनं. हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत आहे. ती बाई आता नाही आणि तिचे नातू चांगले आहेत, म्हणून सोडून देते.

आजीनं फर्मान काढलं. शुक्रवारी बारसं पुन्हा करायचं. जुन्या वळणाचा पाळणा, नवं नाव. आणि नाव असं, की भुतानं ऐकलं तर तोंड वाकडं करून निघून जावं: धोंडाबाई. मंडळी, मी आज तुमच्यासमोर नलिनी म्हणून बसलेय ती किती थोडक्यात वाचून, याची कल्पना यावी.

हसण्यासारखं एवढंच. कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरी बारसं होतं आणि मामींना बोलावणं आलं नाही. गल्लीत सगळ्यांकडे त्या घरची पोरगी अक्षता घेऊन फिरली. मामींच्या दारावरून पुढं गेली. मामी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, पाखडत राहिल्या. त्या दुपारी गाण्यांची वेळ झाली आणि रेडिओचा पडदा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा दुकानातून मुद्दाम लवकर आले, त्यांनी स्वतः पडदा सारून बटण फिरवलं. मामींनी उठून बंद केलं.

"काऊन व?" मामा म्हणाले.

"तुमच्या भावासाठी आनलाय ना? भाव ऐका."

मामांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. "माह्या घरात आता कोनीच बोलून नाई राह्यलं."

बुधवारी मामी उठल्या, इरकली लुगडं नेसल्या, आणि जन्मात पहिल्यांदा सिनेमाला गेल्या. एकट्या. ज्या गाण्यानं आपल्याला घराबाहेर काढलं, ते घराबाहेर कुठं राहतं ते तरी पाहू, असं त्यांच्या मनात होतं, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. गाणं लागलं तेव्हा त्या किंचाळल्या नाहीत. पदर तोंडात धरून ऐकत राहिल्या. गेटकीपरनं आरोळी दिली. बायका उठल्या. मामी बसून राहिल्या.

गेटकीपर जवळ आला. "मामी, दिवेलागन झाली."

"ज्याच्या घरी दिवा लावाचा, तो लावून घेईन. तू पडदा सोड."

टॉकीजच्या इतिहासात सिनेमाचा शेवट पाहणारी ती पहिली बाई.

तिथून त्या थेट आमच्या घरी आल्या. आजी ओसरीत बसली होती, मांडीवर मी, माझ्या गळ्यात नुकताच बांधलेला काळा दोरा. मामी आजीला नात्यानं 'इहीनबाई' म्हणत, आणि विहिणींत चालतं तेवढं तिखट दोघींत कायमचं चालायचं.

"इहीनबाई, तुमी सिनेमा अर्धाच पाहिला."

"पुरे झाला तेवढा. मले अर्ध्यातच घाम फुटला."

"शेवट पाहा."

"शेवट मले मालूम हाय. लेकरू नेलं तिनं."

"कोन सांगतलं?"

आजी बोलायला गेली आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आठवलं असावं, की हा शेवट वेशीजवळ झाला होता. पण माघार घेईल ती आजी कसली! "मंग तू सांग, काय झालं ते."

मामींच्या डोळ्यांत, आई म्हणायची, आठ दिवसांनी चमक आली. "मी नाई सांगत. माह्या तोंडचं तुमाले खरं वाटनार हाय का आता? उद्या शेवटचा दिवस. परवा सिनेमाची पेटी मेहकरले जाते. पाहाचा असन तर उद्या पाहा, नाई तं परवा ठेवा धोंडाबाई."

वास्तविक शेवट माझ्या वडिलांना ठाऊक होता. मामा सोडले तर गल्लीतल्या झाडून साऱ्या पुरुषांना ठाऊक होता; ते सगळे रात्रीच्या खेळाला जाऊन आले होते. पण वडील, बाकीच्यांसारखेच, घरी भजनाला जातो असं सांगून गेले होते. आता आजीसमोर तोंड उघडायचं, तर आधी भजनाचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. त्यांनी आपल्या लेकीला धोंडाबाई होऊ देणं पसंत केलं.

गुरुवारी सगळी गल्ली पुन्हा टॉकीजवर. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी आईच्या मांडीवर. आजी अख्खा वेळ माझ्यावर हात ठेवून बसली होती. गाणं आलं. धुकं, विहीर, कंदील. यावेळी किंकाळी तेवढी मोठी नव्हती, कारण सगळ्या बायका पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. आता हिला काय होतं?

मी अंगठा तोंडात घातला, दोन वेळा चोखला आणि गाढ झोपले.

का नाही झोपणार? बाराव्या दिवसापासून त्याच गाण्यावर मला झोपवत होते. पडद्यावरची भूतबाई बिचारी जीव तोडून घाबरवत होती आणि मी तिला मामी समजले होते.

"दिवेलागन झाली हो मायबाई!"

कुणी हाललं नाही. गेटकीपरनं पुन्हा आरोळी दिली. आजी अंधारातून गरजली, "काऊन बोंबलून राह्यला बे? बस खाली!"

आणि बायकांनी शेवट पाहिला. ती बाई मेलेली नव्हतीच. इस्टेटीपायी दिरानं तिला विहिरीच्या भुयारात कोंडलं होतं आणि मेली म्हणून दिवस घातले होते. राखणदाराचा नातू म्हणून वाढणारं ते पोर तिचंच. तान्हं असताना त्याला जे गाणं म्हणून ती निजवायची, तेच म्हणून ती त्याला बोलावत होती. शेवटी तो साहेब दोघांना उजेडात आणतो, आणि पडद्यावर लख्ख सकाळ, अंगण, मांडीवर पोर, आणि तेच गाणं. हिंदी सिनेमा आहे, यापेक्षा निराळं काय होणार, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या बायकांनी आयुष्यात शेवटच पाहिला नव्हता, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. सगळ्या ढसाढसा रडत होत्या. आजीनं डोळे पुसले आणि विचारलं, "त्या दिराले पटकी नाई झाली?" तेवढं एक तिला शेवटपर्यंत खुपलं.

बाहेर अंधार पडला होता. गेटकीपरनं आपला कंदील आजीला दिला. निघताना कुणीतरी हळूच ती चाल धरली, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. शब्द मामींचे.

इकडे गल्लीत काय होतं? एका घरात दिवा नाही, एक चूल पेटलेली नाही. पुरुषमंडळी भुकेजून आमच्या ओट्यावर जमलेली. कुणी म्हणे टॉकीजला आग लागली, कुणी म्हणे टिन पडलं. तेवढ्यात वळणावरून, अंधारातून, गाणं आलं. ये गं, दबकत ये. मग धुरकट उजेडात एक कंदील दिसला. कंदिलामागं पांढरं लुगडं, कारण आजी पांढरंच नेसायची. घाईत सुटलेला तिचा अंबाडा. आणि तिचा तो भसाडा, जन्मात सुरात न लागलेला आवाज!

शेवट माहीत असलेली ही सगळी शूर माणसं. ओटा क्षणात रिकामा झाला. माझे वडील शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडले. "भजन म्हणून राह्यला होता का रे?" एवढंच आजीनं विचारलं. त्या विषयावर तिला सगळं काही समजल्याचं वडिलांना तेव्हा समजलं.

मामा तेवढे ओट्यावर बसून होते. त्यांना कुणी विचारलं, तुम्ही कसे नाही पळालात? तर म्हणाले, "कायले पळू? मी त बसल्या बसल्या डुलक्या घेऊन राह्यलो होतो. हे गानं लागलं का मले झोप येते."

शुक्रवारच्या घुगऱ्या भिजत घातलेल्या होत्या. त्या वाया कशा घालवायच्या? बारसं झालंच. नाव नलिनी, पाळणा तोच. मामी नेहमीसारख्या पायथ्याशी जाऊन बसल्या. आजी भिंतीकडे बसली होती. नवरा गेलेल्या बाईनंही पाळण्याची दोरी धरायची नसे. आजीनं आपल्या नातीचा पाळणा कधी हलवला नव्हता. मामी सूर लावणार एवढ्यात आजी उठली, पाळण्याजवळ आली आणि दोरी मामींपुढे धरली.

"इहीनबाई, माह्या हात..."

"गप बस. मी धराची नाई, तू धराची नाई. मंग जिचं गानं तिनं आन जिची नात तिनं काय घुगऱ्याच खाव्या? धर."

दोघींनी धरली. बायकांत एक कुजबूज उठली आणि आजीनं नुसतं वळून पाहिलं, तेवढ्यानं ती कुजबूज बसली. मामींचा सूर त्या दिवशी लागेचना. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या बायका उन्हं उतरली म्हणून उठल्या नाहीत. पुरुष स्वतः दिवे लावायला शिकले. चिमणीची काच फोडत, पण लावत. आणि मामींनी आणखी कितीतरी गाणी धुतली. भुताच्या सिनेमातली तर मागून मागून घेत. म्हणत, "भुताचं गानं सगळ्यात गोड रायते. घाबरवाले गोडच लागते काहीतरी." मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, एकच गाणं रेडिओवर गोड आणि सिनेमात भीतीचं कसं होतं? मामी कंदिलाची काच पुसत होत्या. त्यांनी कंदील माझ्या हनुवटीखाली धरला आणि आरसा दाखवला, मी दचकले. मग तो वर धरला. "गानं तेच रायते नले. उजेड कुठून येते, ते पाहाचं."

लग्न होऊन मी निघाले तेव्हा एसटी स्टँडवर मामी आल्या होत्या. सगळ्यांनी सांसारिक उपदेश केले. मामींनी खिडकीतून हात घालून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मधातून उठू नको. कायच्यातूनच. शेवट आपल्या मनानं करू नको, होऊ दे, पाहा." गाडी सुटली तसा त्यांनी हात सोडला. नंतर सुट्टीत भेटी झाल्या, पण प्रत्येक वेळी त्या थोड्या आणखी लहान झालेल्या दिसायच्या. त्या गेल्या ते मला दोन दिवसांनी कळलं. मी पोचले तेव्हा घरात मामा एकटे होते आणि रेडिओचा पडदा दोन्हीकडे सारलेला होता.

मामींचं सांगणं मी पाळलं. तेव्हापासून मी एकाही सिनेमातून शेवटाआधी उठलेली नाही. वाईट सिनेमे वाईट शेवटापर्यंत पाहिले. शेवटची नावं सरकत असतात, झाडूवाला समोर येऊन उभा राहतो, तरी मी बसून असते. मुलीला या सवयीची फार लाज वाटते.

मध्यंतरी तिनं मला नागपूरला एका भुताच्या सिनेमाला नेलं. गार हवा, मऊ खुर्च्या, हातात मक्याच्या लाह्यांची टोपली. आजकाल भुताच्या सिनेमात जुनी गाजलेली गाणी घ्यायची पद्धत आहे. चाल तीच, पण संथ केलेली, आणि एखाद्या लहान मुलीच्या पोकळ आवाजात. अंधाऱ्या जिन्यावर एक बाहुली बसलेली होती. कुठूनतरी वाऱ्यासारखा सूर आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

ये. अजून ये. जवळ ये.

सगळं थिएटर श्वास रोखून. पुढच्या रांगेतला धिप्पाड मुलगा बायकोच्या दंडाला धरून बसलेला. लेकीनं माझा हात घट्ट पकडला. एवढं मला आठवतं.

मग कुणीतरी मला हलवत होतं. दिवे लागले होते, खुर्च्या रिकाम्या होत्या, झाडूवाला समोर उभा होता.

"आई! अगं सगळे घाबरून ओरडत होते आणि तू घोरत होतीस!"

"शेवट काय झाला?" मी विचारलं.

ती सांगू लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, राहू दे. हा एक मी घरी जाताना रस्त्यात करते.